सोळा पिल्लं आणि एक डबा

दोन्ही कप्प्यांतली पिल्लं वजनाला सारखीच भरली, तेव्हा धनेशच्या तोंडचं पाणी पळालं.

"केरूभाऊ, परत टांगा."

केरूनं पिल्लू परत काट्याच्या झोळीत घातलं. पिल्लानं गाव गोळा केलं. काटा तिथंच थांबला.

धनेश रोह्याच्या एका कारखान्यात फिरतीवर होता. आईचं दूध तोडलं की डुकराच्या पिल्लांना हगवण लागते, निम्मी मरतात. त्यावर कारखान्यानं डबा काढला होता. पाण्यातलं बारीक शेवाळ वाळवलेलं, आणि त्यात जिवंत जंतू, दह्यात असतात तसले. महिन्यामागं गडब गावी येऊन धनेशनं हे सगळं केरूला आणि त्याच्या बायकोला, बायजाला, नीट समजावलं होतं. डाव्या आठ पिल्लांना डब्यातलं कालवायचं, उजव्या आठांना नुसता कोंडा. मधे एकदा डोकावून, डाव्या घमेल्यात हिरवंगार बघून, तेवढ्यावरच खूश होऊन तो गेलाही होता.

फरक दिसला नाही तर डबा बंद आणि तू घरी, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"फरकच नाय," धनेश मटकन बांधावर बसला. "उद्यापासून मी घरी."

बायजाला राहवेना. "दादा, एक सांगू? रागवू नका."

"आता कसला राग, वहिनी."

"मी दोन्हीकडं दिलं. एका पंगतीत आठांना वाढायचं आन् आठांनी बघत बसायचं? पाप लागतं असलं."

"म्हंजे मला पण नाय सांगितलंस?" केरू म्हणाला.

"तुमाला सांगून काय, तुमी काय पिल्लू हाव?"

धनेश ताडकन उठला. "सोळाही खात होती? आणि एकपण मेलं नाय?"

"एकपण नाय," केरू म्हणाला. "गेल्या साली अकरा पुरली मी."

धनेशनं स्कूटर थेट वडखळ नाक्यावर नेली आणि एसटीडीवरून साहेबांना फोन लावला. साहेब आधी खेकसले, मग सोळाही जगल्याचं ऐकून हसले. जिल्हाभर माल पाठवायचा ठरला. उद्या मुंबईहून मालक स्वतः पिल्लं बघायला येणार होते.

तो पेढे घेऊनच गडबला परतला.

"वहिनी, नोकरी वाचली. उद्या मालकांना सगळं असंच सांगा. फक्त एक कळत नाय. डबा आठांचा. सोळांना महिनाभर पुरला कसा?"

बायजा आत गेली. देवाच्या फळीवरचा डबा काढला, पदरानं पुसला आणि त्याच्यापुढं धरला. सील जसंच्या तसं होतं.

"एवढा भारी माल डुकरांना कोण घालतं, दादा? तळ्यातलं शेवाळ आन् घरचं ताक. तुमीच तर सांगितलंत आत काय असतं ते. उद्या मालक आले की हा त्यांच्या हातात देते."