खिशातली किल्ली

धरणाचा भोंगा वाजला तेव्हा कुंदा नदीपात्रातल्या खडकावर नवऱ्याची पँट आपटत होती. कारखान्याचा असेल, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. पाणी घोट्याला लागलं तशी ती दचकून वळली. मुक्कामासाठी पात्रातच लावलेल्या त्यांच्या व्हॅनची चाकं भिजत होती.

"अहो, गाडी काढा!" पँट तिथंच टाकून ती धावली.

"किल्ली पँटच्या खिशात होती!" व्हॅनपाशी उभा नवरा पांढराफटक पडला.

मागे खडक बुडाला होता. कुंदाचा हात गळ्याशी गेला, तेव्हा मंगळसूत्राला पिनेनं अडकवलेली किल्ली बोटांना लागली. कपडे भिजवताना खिसे रिकामे करायची तिची जुनी सवय!

गाडी कशीबशी काठावर चढली. खाली पाण्यात पँट वाहत चालली होती, दोन्ही पाय झाडत, आत माणूस असल्यासारखी.