चोपन्न पौंड

कॅन्ससमधल्या त्या जलाशयाच्या काठी, गळाला लावायची आमिषं विकणाऱ्या दुकानात विक्रमी माशांचा एक फळा होता. सर्वांत मोठ्या माशापुढे नाव होतं ऑरिनचं: कॅटफिश, चोपन्न पौंड. ऑरिनला जाऊन तीन वर्षं झाली होती. दुकान त्याची बायको ल्युएला चालवायची.

त्या सकाळी एमरीच्या गळाला लागलेला कॅटफिश वजनकाट्यावर साठच्या पुढे गेला. नावेतला मेहुणा ओरडला, "अरे, फळ्यावर नाव लागेल तुझं! निदान फोटो तरी काढू दे."

एमरीने मासा पाण्यात सोडून दिला. "ल्युएलापुढे अवाक्षर काढलंस तर याद राख," तो म्हणाला.

दुकानात ल्युएलाने विचारलं, "काय रे, लागलं का काही?"

"छे. पाणीच गढूळ आहे."

"हात तर मोठ्या माशाशी झटल्यासारखे कोपरापर्यंत खरचटलेत." तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. "या उन्हाळ्यात पाण्याला नावं ठेवणारा तू पाचवा. पुढच्या वेळी मासा घेऊन ये बाबा. ऑरिनने त्याच्या माशाचं वजन केलंच नव्हतं. आकडा ठोकून दिला, आणि कोणीतरी तो मोडावा म्हणून मरेपर्यंत वाट बघत बसला."