बिगुलातला डबा

"डबाच लावायचा," गाडी चालवता चालवता सार्जंट रूड म्हणाला. "नियम म्हणजे नियम. डबा बंद पडला तर गोष्ट वेगळी."

मारिटने मान हलवली. बिगुल तिच्या मांडीवर होतं. डबा म्हणजे बिगुलाच्या पुढच्या रुंद तोंडात बसणारं मुठीएवढं यंत्र. बटण दाबायचं, बिगुल ओठांना लावायचं, गाल फुगवायचे. पाच सेकंदांनी शोकधून आपोआप वाजते. खरे वाजवणारे मिळेनात आणि म्हातारे सैनिक तर रोज मरताहेत, म्हणून सरकारने ही युक्ती काढलेली.

मारिट मात्र खरी वाजवणारी होती. ट्रंपेट शिकायलाच ती कॉलेजात गेली. बाप बीटच्या साखर कारखान्यात, फी कुठून आणणार? म्हणून तिने नॅशनल गार्डमध्ये नाव घातलं. महिन्याचे दोन दिवस गणवेश, उन्हाळ्यात दोन आठवडे छावणी, अधूनमधून सैनिकांची दफनं. बदल्यात नॉर्थ डकोटा राज्य फी भरतं. ही वाट दाखवली ओडेगार्ड सरांनी. शाळेत बँड शिकवायचे, तरुणपणी व्हिएतनामला जाऊन आलेले. आठ वर्षं त्यांनी तिच्याकडून सूर घोटून घेतले. आज त्यांनाच मातीत ठेवायचं होतं.

"माझ्या दफनाला डबा वाजवलास तर उठून बसेन," दवाखान्यात ते म्हणाले होते.

"नाही वाजवणार, सर." तिने शब्द दिला होता.

शब्द द्यायला काय लागतं! मागच्या हिवाळ्यात एका दफनाला तिने डबा बाजूला ठेवून स्वतः वाजवलं होतं. थंडीने ओठ बधिर झाले, वरचा सूर फाटला, घरच्यांनी तक्रार केली. कॅप्टनने कागद हातात दिला: पुन्हा असं झालं तर नाव कमी. नाव कमी म्हणजे फी बंद, आणि कॉलेजचं अजून दीड वर्ष बाकी.

तिने रूडकडे पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत होता. आमच्या प्रेअरीवर माणूस शेजाऱ्यासाठी शंभर मैल गाडी हाकेल, पण मनातलं सरळ सांगेल तर शपथ.

दफनभूमीत वारा नुसता कापत होता. गावातली निम्मी माणसं सरांनी शिकवलेली, सगळी टोप्या काढून उभी. मारिट जरा लांब, थडग्यांच्या मागे उभी राहिली. बिगुलातून डबा काढला आणि कोटाच्या खिशात टाकला. जे व्हायचं ते होवो. तिने श्वास घेतला आणि वाजवलं. चोवीसच्या चोवीस सूर. वरचा सूर असा निघाला की तिचं तिलाच खरं वाटेना. आयुष्यात इतकं चांगलं ती कधीच वाजवू शकली नव्हती. ऐकायला सर हवे होते, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

मग तिने आणि रूडने शवपेटीवरच्या झेंड्याची घडी घातली. रूडने गुडघा टेकून ती ओडेगार्डबाईंच्या मांडीवर ठेवली. बाई उठल्या आणि मारिटपाशी आल्या. काखेत सरांच्या ट्रंपेटची जुनी केस होती.

"छान वाजलं," बाई म्हणाल्या. "एकही सूर हलला नाही."

"थँक्यू, मिसेस ओडेगार्ड."

"हे म्हणायचे, माणूस वाजवतो तेव्हा कुठेतरी हलतंच." बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मारिट, तू वाजवलंस की त्या डब्याने?"

रूड चार पावलांवर उभा होता आणि नेमका तिच्याचकडे पाहत होता. मारिटच्या डोळ्यांपुढे कॅप्टनचा कागद आला. दीड वर्ष.

"डब्याने," ती म्हणाली.

"बरं," बाई म्हणाल्या.

आमच्याकडे कोणी शिव्या देत नाही. बरं म्हणतात.

"तू वाजवलंस तर तुला द्यायला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "आता त्यांचं त्यांच्याबरोबर जाऊ दे." त्यांनी केस शवपेटीवर ठेवली. माणसांनी दोर सैल सोडले. पेटी खाली गेली आणि मातीचं पहिलं फावडं पडलं. चर्चच्या तळघरात सँडविच आणि कॉफी मांडलेली होती. आमच्याकडे दफनाला आलेल्या ट्रॅक्टरच्या एजंटालाही जेवून जा म्हणतात. मारिटला कोणी म्हटलं नाही.

गाडीत बसल्यावर रूडने हात पुढे केला. "आण तो डबा."

तिने खिशातून काढून दिला. आता नाव कमी होणार हे तिला कळून चुकलं. रूडने डब्याचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. त्याने स्वतःच्या खिशातून दोन सेल काढले आणि एकेक करून आत बसवले.

"सकाळीच काढून ठेवले होते," तो म्हणाला. "डबा बंद पडला, असं लिहून देतो. मलाही सरांनीच शिकवलंय, पोरी." त्याने गाडी सुरू केली. "वाऱ्यात तुमचं दोघींचं बोलणं मला काही ऐकू आलं नाही. तू वाजवलंस, हे बाईंना सांगितलंस ना?"