कळी धरेना

धाकट्या भावाच्या पत्राला त्यानं आठ वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. ‘दादा, डाळिंबाला फळ धरलं की कळव. लगेच तिकडे बदली मागून घेतो. मागची खोली माझ्यासाठी ठेव.’ एवढाच मजकूर. कलम भावानंच अंगणात लावलं होतं, परगावी जाण्याच्या आदल्या दिवशी.

आणि फळ काही धरेना. भावानं विश्वासानं सोपवलेलं झाड आपल्याला साधं फळवता येत नाही, हे कुठल्या तोंडानं लिहायचं? या संकोचातच वर्षं गेली.

चूक आपलीच, याबद्दल त्याला शंका नव्हती. ग्रंथालयातली नोकरी संपल्यावर बागकामाची मिळतील तेवढी पुस्तकं त्यानं वाचून काढली. बुंध्याशी आलेले फुटवे काढले, आत वळलेल्या फांद्या छाटल्या, कापलेल्या जागी लेप लावला. छाटणी त्याची, पाणी घालणं बायकोचं. तो उशाशी चष्मा चाचपडेपर्यंत तिचं अंगणातलं काम आटोपलेलं असायचं.

“वाचून झाडं फळली असती, तर तुमच्या कपाटाला मोहर आला असता,” ती म्हणायची.

“यंदा नाही धरलं, तर हे काढून दुसरं लावू.”

“कशाला? असू दे की. सावली देतंय.”

शेवटी एक दिवस, ती बाजारात गेलेली असताना, त्यानं रोपवाटिकेतल्या माळ्याला बोलावलं. माळ्यानं एकेक फांदी वाकवून पाहिली.

“छाटणी बिनचूक आहे, काका.”

“मग फळ का नाही?”

“कळ्या येतात की. कुणीतरी खुडतंय. हे देठ बघा.”

“पाखरं असतील.”

“पाखरू टोच मारतं. ही चिमूट आहे.”

माळी गेला. बायको पिशवी घेऊन आली तेव्हा तो झाडापाशीच उभा होता. त्याच्या तळहातावरचे देठ तिनं पाहिले, आणि ती सरळ आत गेली. तो मागोमाग गेला.

“तू?”

“मीच.”

“अगं, माझा सख्खा भाऊ आहे तो! फळ धरलं असतं तर परत आला असता.”

“म्हणूनच.” तिनं भाजी ओट्यावर ओतली.

“त्यानं तुझं काय घोडं मारलं होतं?”

ती देठ मोडत राहिली. “भाऊजी इथे राहत होते, तेव्हा न्हाणीघराला आतून दुसरी कडी का बसवून घेतली मी? विचारलंत कधी?”

कडी त्यानंच बसवली होती. स्क्रू कुठला वापरायचा, ते पुस्तकात पाहून.

त्या दुपारी त्यानं कुदळ काढली. संध्याकाळी हात धुतले आणि पत्र लिहून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. पत्रात दोनच वाक्यं होती. ‘डाळिंब आज मुळासकट काढलं. का, ते तुला ठाऊक आहे.’