सहावा रंग

तासगावच्या स्टँडवर एसटीतून उतरेपर्यंत सोनियाचं ठरलेलं होतं. सरांना तोंडावर सांगायचं, तुमचं प्रमेय खोटं आहे.

वीरधवल सर एकेकाळी सांगलीच्या कॉलेजात ग्राफ थिअरी शिकवत. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, एवढाच यांचा संसार, असं त्यांच्या पत्नी राजनंदिनीकाकू हसून म्हणायच्या. सरांनी सिद्ध केलं होतं की, एका खास जातीचं जाळं कितीही मोठं असलं तरी ते पाच रंगांत रंगवता येतं. रेघेने जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग द्यावा लागत नाही. त्या प्रमेयाला सरांचं नाव पडलं होतं. सोनियाची पीएचडी त्यावरच उभी होती. पुढचे सगळे शोधनिबंध आणि साताऱ्यातली प्रोफेसरची जागाही.

ती वडूजकडची, मेंढरांमागे हिंडणाऱ्या तानाजीची मुलगी. ठरलेलं लग्न लांबवून ती सांगलीला शिकायला आली, तेव्हा तानाजी भावकीला म्हणाला होता, "पोरगी डिग्री घिऊन यील. न्हाई आली, तर मीच जाऊन आणतो आन् त्याच घरात देतो."

सरांनी तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. काकूंनी पोटच्या मुलीसारखं जेवू घातलं. जेवता जेवता सर ओल्या बोटाने फरशीवर जाळं काढायचे आणि ती रंग सांगायची. ते वाळायच्या आत रंगवून संपवायचं, असा खेळच होता दोघांचा.

प्रबंध विद्यापीठात गेला आणि सर बदलले.

सोनियाने नवा शोधनिबंध लिहून आणला होता. वर दोघांची नावं होती. सरांनी स्वतःचं नाव खोडलं.

"सोने, हा विषय सोड आता. दुसरं काहीतरी धर."

"का, सर?"

"तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई हे."

ते तिच्याकडे बघतही नव्हते. मेंढरामागच्या पोरीने किती वर चढायचं ते सर ठरवून टाकतायत, असं तिला वाटलं. त्याच दुपारी तिने बॅग भरली. काकू फाटकापर्यंत मागे आल्या, पण तिने वळून पाहिलं नाही.

विषय तिने सोडला नाही. उलट हट्टाने त्यातच राहिली, नाव कमावलं. सरांनी मात्र पुढच्याच वर्षी नोकरी सोडली आणि तासगावला येऊन द्राक्षबाग लावली. त्यानंतर त्यांचा एकही शोधनिबंध आला नाही. परिषदांमध्ये लोक विचारायचे, सरांचं काय चाललंय? ती म्हणायची, "आटले ते." आणि तसं म्हणताना तिला बरं वाटायचं.

मग मागच्या महिन्यात एमएस्सीच्या वर्गात फळ्यावर त्याच प्रमेयाचं उदाहरण काढताना तिचा हात थांबला. पाचही रंग वापरून झाले होते आणि एक ठिपका उरला होता. तिने घरी येऊन ते जाळं पुन्हा रंगवलं. वेगळ्या टोकाकडून सुरुवात केली, कम्प्युटरला विचारलं. काही केल्या सहावा रंग लागतच होता.

तिचं सगळं बुडणार होतं. पण तिच्या आधी सरांचं बुडणार होतं, आणि ते सांगायला ती स्वतः जाणार होती.

बेदाण्याच्या शेडमागे घर होतं. काकू दारातच उभ्या होत्या. केस पार पांढरे झालेले.

"ये. लय वाट बघायला लावलीस गं."

"सर कसे आहेत?"

"डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय," एवढंच बोलून त्या बाजूला झाल्या.

खाटेवर सर इवलेसे दिसत होते. पायांवर सूज होती, चेहरा मात्र नुसता हाडांचा. काकूंनी कानाशी वाकून नाव सांगितलं, तसे त्यांनी डोळे उघडले.

"सोने? अजून त्याच विषयात हायस?"

"व्हय सर."

"सोडला न्हाईस."

"न्हाई."

सर उठून बसायची धडपड करू लागले. तिने पाठीला हात दिला.

"खरं सांग मला. एवढ्या वर्षांत कुठं अडलं न्हाई ना? कुठं काही चुकतंय असं... वाटलं न्हाई ना कधी?"

वाक्य तिच्या जिभेवर होतं. वाटभर तेच घोकत आली होती ती. सरांचा हात चादरीवर चाचपडत होता. तिने तो हातात घेतला, तर त्यात काही वजनच नव्हतं.

"न्हाई सर. प्रमेय पक्कं हाय. मी पोरांना तेच शिकवते."

सरांचा चेहरा सैल झाला, ते पुन्हा उशीवर टेकले. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "लय बरं झालं बघ." आणि तिचा हात तसाच धरून झोपी गेले.

हात सोडवून ती बाहेर आली आणि पायरीवर बसून हुंदके देऊन रडली. काकू शेजारी टेकल्या.

"काकू, मी खोटं बोलले. ते प्रमेय चुकलंय. मी तेच सांगायला आले होते. पण त्यांचं सगळं आयुष्य त्याच्यावर... माझी जीभच उचलली नाही."

काकू उठल्या. आतल्या खोलीचं दार त्यांनी ओढून घेतलं आणि परत येऊन बसल्या.

"चुकलंय ते त्यांना ठाऊक हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझा प्रबंध गेला, त्याच आठवड्यात सापडलं हुतं. सांगितलं असतं तर तुझी डिग्री गेली असती आन् बापानं तुला नेऊन त्या घरात दिली असती. म्हणून गप्प बसले. परत गणिताला हात लावला न्हाई त्यांनी."

सोनिया उठून दाराकडे धावली. काकूंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"डोळे पूस आधी. तुला कळलंय, एवढं त्यांना कळू देऊ नगंस."