चार फूट कमी

माझ्या आणि शिंपीणबाईंच्या घरामधली गावाच्या मालकीची मोकळी जागा शीतगृहासाठी विकायची ठरली, का तर पोरांना गावातच काम मिळेल. मोजणी झाली आणि जागा कागदापेक्षा चार फूट कमी भरली.

"दोघींपैकी कुणीतरी पुढे सरकलंय," मोजणीदार म्हणाला. "जी सरकली तिची भिंत पाडावी लागेल."

एका बाजूला माझं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला बाईंची शिवणाची खोली. त्या खोलीवरच त्यांचं पोट.

ग्रामपंचायतीचा कारकून हसला. "डोकं कशाला खाजवताय? आजींना विचारा. गावात कुणाला पहिला दात कधी आला, तेही सांगतील त्या."

"विचारा की," शिंपीणबाई म्हणाल्या. "आजी म्हणतील ती पूर्व दिशा. मी तर या गावात कालची."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "आमच्या बाजूचा हद्दीचा दगड मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथेच आहे."

बाईंच्या भिंतीवर चुन्याची रेघ ओढली गेली. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, आजी. तुम्ही खरं तेच सांगणार ना!"

माझी आठवण खरोखरच चांगली आहे. स्वयंपाकघर बांधायला काढलं त्या साली आम्ही तो दगड पुढे सरकवला, तेव्हा एका बाजूने यांनी उचलला होता आणि दुसऱ्या बाजूने मी.