शर्टाची शेपटी

पेनसिल्व्हेनियातल्या शिकारखोपटाचा नियम जुना होता: हरणावर नेम चुकला की शर्टाची मागची शेपटी कापून भिंतीला ठोकायची. आर्डिथच्या तिथे तीन शेपट्या होत्या. यंदा ठासणीच्या बंदुकीत तिने बारीक बारूद घातली, भरड घातली, गोळ्याही बदलल्या. पण निशाण्याच्या कागदावर भोकं दाही दिशांना. "वहिनी, शर्ट जुनाच घाला उद्या," दीर मर्ल कात्री वाजवत म्हणाला. तेवढ्यात गोळीला गुंडाळायच्या पातळ चिंध्या संपल्या. तिने भिंतीवरची आपलीच जाडजूड शेपटी ओढली, तुकडा थुंकीने भिजवून गोळीसकट ठासला. गोळी नळीत घट्ट बसली. भोक मधोमध. पुन्हा मधोमध. दुसऱ्या दिवशी तिचं हरीण पडलं, मर्लचं पळालं. कात्री तिच्याकडे आली. "वहिनी, नवाकोरा शर्ट आहे हो," तो कळवळला. आर्डिथने कापड चिमटीत चोळलं. "चांगलं जाड आहे, भावजी. पुढच्या वर्षाची सोय झाली."